इंदापूर तालुक्यातील लोकप्रतिनिधी आणि मतदारांची सामाजिक घडण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाविषयी आजवर झालेल्या लेखनात मतदारसंघाची सामाजिक घडण ही बहुधा गृहीत धरलेली बाब असते. अमुक मतदारसंघात अमुक समाजाचे इतके टक्के मतदार आहेत, सबब तेथून अमुक समाजाचा प्रतिनिधी निवडून येतो, असे गणित मांडून अभ्यासक पुढे सरकतो. निवडणुकीच्या काळात वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणाऱ्या जातवार कोष्टकांनी या पद्धतीला आणखी बळ दिले आहे. परंतु मतदार यादीत जातीचा रकाना नसतो, आणि सर्व जातींची जी शेवटची पूर्ण मोजणी प्रसिद्ध झाली ती १९३१ च्या जनगणनेतील होय. त्यानंतर अनुसूचित जाती व जमाती वगळता कोणत्याही जातीची तालुकावार संख्या शासनाने अधिकृतपणे दिलेली नाही. म्हणजे आपण ज्याला मतदारसंघाची घडण म्हणतो, ती पुष्कळदा आडनावे, वाड्यावस्त्या आणि कार्यकर्त्यांचे अंदाज यांची बेरीज असते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना अशी कोष्टके गोळा करावयास सांगितली असता एकाच मतदारसंघाची परस्परांशी न जुळणारी कोष्टके हाती येतात, आणि प्रत्येक कोष्टकात कोणता ना कोणता समाज 'निर्णायक' ठरलेला असतो, हा प्रस्तुत लेखकाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकावरील इंदापूर तालुका या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा अशा दोन नद्यांच्या बेचक्यात हा तालुका वसला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडल्यानंतर लागणारे डाळज हे गाव याच तालुक्यातील. शासकीय दप्तरात ते डाळज क्रमांक १, २ व ३ असे तीन आकड्यांनी ओळखले जाते. एका बाजूस उजनी जलाशयाचे पाणी आणि दुसऱ्या बाजूस महामार्ग, अशा पट्ट्यात येथील वस्ती आहे. मतदार म्हणजे कोण, हा प्रश्न डाळजसारख्या गावाच्या बाबतीत गेल्या पावणेदोनशे वर्षांत वेगवेगळ्या रीतींनी सोडविला गेला. जमिनीची आकारणी, कालव्याचे पाणी, धरणाचे पाणी आणि आरक्षणाचा कायदा यांनी प्रत्येक वेळी येथील मतदार नव्याने घडविला. लोकप्रतिनिधी मात्र त्या घडणीच्या मागून, कधी फारच मागून चालत आला. तालुक्याच्या राजकारणाचा 'मराठा विरुद्ध धनगर' असा जो सोपा अर्थ लावला जातो तो या पार्श्वभूमीवर तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आकारणी आणि मताधिकार

मुंबई इलाख्याच्या महसुली इतिहासात इंदापूरला एक वेगळे स्थान आहे. प्रिंगल याने १८२८ ते १८३० च्या सुमारास केलेली पाहणी व आकारणी प्रत्यक्षात शेतकऱ्याला झेपली नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळापासून खालावलेल्या या कोरडवाहू मुलुखात कितीतरी जमीन पडीक राहिली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्या पद्धतीची पाहणी हाती घेतली आणि १८३६ पासून हलक्या दराची, तीस वर्षे न बदलणारी आकारणी लागू झाली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने जी पद्धत सबंध इलाख्यात रूढ झाली, तिचा पहिला प्रयोग या तालुक्याच्या मातीत झाला. आज आपल्या सातबारावर जो सर्व्हे नंबर असतो त्याची मुळे शोधत गेल्यास इंदापूरपर्यंत जावे लागते.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास झालेली फेरआकारणी वाढीव दराची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी तोवर ओसरत चालली होती. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या वह्या व खते जाळण्यापासून सुरू झालेले दख्खनचे दंगे भीमथडीबरोबर इंदापुरातही पोहोचले आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. हा इतिहास सुपरिचित आहे. त्याचा मताधिकाराशी असलेला संबंध मात्र फारसा कोणी दाखविलेला नाही.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई सरकारने १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा केला आणि तालुक्याच्या पातळीवर निवडून आलेले सभासद प्रथमच दिसू लागले. पुढे १९१९ च्या सुधारणा कायद्याखाली प्रांतिक कायदेमंडळासाठी ग्रामीण मतदाराची जी पात्रता ठरली, तिचा मुख्य आधार जमीन महसूल हा होता. इलाख्याच्या बहुतेक भागात ३२ रुपये आकाराची जमीन धारण करणाऱ्यास मत मिळाले. १९३५ च्या कायद्याने ही मर्यादा ८ रुपयांवर आणली. वरकरणी ही अट सर्वांना सारखी वाटते. पण ज्या तालुक्यात आकार मुळातच हलका ठेवला गेला, तेथे तीच अट कितीतरी जड होते. उदाहरणादाखल जिराईत जमिनीचा आकार एकरी आठ आणे धरला, तर ३२ रुपयांची अट पुरी करण्यासाठी ६४ एकर जमीन हवी. कालव्याकाठच्या किंवा काळ्या जमिनीच्या तालुक्यात त्याहून पुष्कळ कमी क्षेत्राचा धनी मतदार ठरत असे. विंगेटच्या ज्या सवलतीने इंदापूरच्या कुणब्याला जगविले, तिनेच ऐंशी वर्षांनंतर त्याला मतपेटीपासून दूर ठेवले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

या यादीत कोण नव्हते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. ज्याची संपत्ती मेंढरांच्या रूपाने होती तो धनगर चराईचा कर देई, पण शेतसाऱ्याच्या वहीत त्याचे नाव लहान आकड्यासमोर असे किंवा नसेच. महार वतनाच्या जमिनींवर पूर्ण आकार नसून जुडी असे. रामोशी, मांग, कोळी, भोई यांची स्थिती निराळी सांगावयास नको. मुंबईच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या, यावरून बहुसंख्य समाजालाही त्या मताधिकारात आपली माणसे निवडून येण्याची खात्री नव्हती, हे स्पष्ट होते. तेव्हा १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली, त्या वेळी इंदापूरच्या मतदारांपैकी बहुसंख्य लोक प्रांतिक किंवा देशपातळीवरील प्रतिनिधीसाठी आयुष्यात प्रथमच मत देत होते. १९३५ च्या कायद्यानेही ब्रिटिश हिंदुस्थानातील लोकसंख्येपैकी सुमारे चौदा टक्के लोकांनाच मत दिले होते, आणि इंदापूरसारख्या कोरडवाहू तालुक्यात हे प्रमाण सरासरीपेक्षा अधिक असण्याचे कारण दिसत नाही.

कालवा आणि बागायत

भाटघरच्या धरणातून निघालेला नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. पुरंदर व बारामतीतून येत तो इंदापुरात शिरतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस भाटघरला नवे, मोठे धरण झाल्यावर बारमाही पाण्याची शाश्वती वाढली. उसाचे तंत्र अवगत असलेले सासवडकडील माळी शेतकरी कालव्याच्या काठाने खाली सरकले आणि खंडाने जमिनी घेऊन त्यांनी बागायत उभी केली. बारामतीजवळच्या माळेगावचा दीर्घकाळ अभ्यास करून डोनाल्ड ॲटवूड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रक्रियेचे तपशीलवार विवेचन आहे. स्थानिक मराठा शेतकरी आधी जमीन खंडाने देणारा होता, मग तो स्वतः ऊस पिकवू लागला आणि अखेर सहकारी कारखान्याचा सभासद झाला, हा प्रवास दोन पिढ्यांत घडला.

इंदापुरात या प्रवासाला आणखी एक वळण मिळाले. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंब येथे साखर कारखाना व त्याभोवती हजारो एकरांची शेती उभारली, तेच आजचे वालचंदनगर. कारखान्याच्या मळ्यांवर व यंत्रशाळेत ठिकठिकाणचे कामगार आले. तालुक्यात प्रथमच असा मतदार निर्माण झाला, की ज्याचे गावकी-भावकीशी नाते नव्हते, ज्याच्या नावावर जमीन नव्हती, पण ज्याला दरमहा पगार मिळत होता. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खासगी कारखान्यांच्या शेतजमिनी शासनाकडे गेल्या. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाने त्या कसावयास घेतल्या. ज्यांनी त्या पूर्वी खंडाने दिल्या होत्या ते खंडकरी शेतकरी एका बाजूस आणि महामंडळाच्या चाळींतून राहणारे शेतमजूर दुसऱ्या बाजूस, असा पेच त्यातून उभा राहिला. आपली जमीन परत मिळावी ही खंडकऱ्यांची मागणी कित्येक निवडणुकांत गाजली. मजुराच्या राहत्या घराचा प्रश्न त्या मानाने कमी बोलला गेला.

स्वातंत्र्यानंतर भवानीनगरचा छत्रपती, पुढे बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी कारखाने तालुक्यात उभे राहिले. कारखान्याचा सभासद हा एक नवाच मतदार होय. त्याच्या मताधिकाराची पात्रता प्रौढत्व नसून भाग आणि ऊस ही असते. १९५२ मध्ये मोडलेली मालमत्तेची अट सहकाराच्या दाराने परत आली, असे निरीक्षण नोंदविल्यास सहकार क्षेत्रातील मित्रांनी राग मानू नये. आमदारकीच्या उमेदवाराची निवड पुष्कळदा या दुसऱ्या, आखूड यादीतून होत राहिली. पलीकडे नीरेच्या दक्षिण तीरावरील फलटण तालुक्याचा अभ्यास करणाऱ्या अँथनी कार्टर यांनी १९७४ च्या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातील राजकारण हे जातीजातींतील झुंजीपेक्षा पुढाऱ्यांच्या आपसांतील युत्यांनी अधिक चालते, असे दाखवून दिले होते. इंदापूरलाही ते बऱ्याच अंशी लागू पडते.

कालव्याच्या वरच्या अंगाला असलेले गाव आणि शेपटाकडचे गाव यांच्यातील अंतर हे जातीच्या अंतराइतकेच खरे आहे. दक्षिणेकडील २२ गावांच्या पाण्याचा प्रश्न या नावाने ओळखला जाणारा वाद म्हणजे एकाच जातीतील, कधी एकाच आडनावाच्या मतदारांना दोन बाजूंना नेऊन ठेवणारा वाद आहे. कालव्याचे आवर्तन लांबले की शेपटाच्या गावातील ऊस आधी वाळतो, आणि तेथील मतदार उमेदवाराची जात विचारण्यापूर्वी पाण्याची तारीख विचारतो.

उजनी : गाव हलले, मतदार विखुरला

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत माढा तालुक्यात, लाभक्षेत्र मुख्यत्वे सोलापूर जिल्ह्यात आणि बुडीत क्षेत्राचा मोठा वाटा इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांत, अशी या प्रकल्पाची रचना आहे. सुमारे ११७ अब्ज घनफूट साठ्याच्या या जलाशयास यशवंतसागर असे नाव देण्यात आले. भीमेच्या काठची काळी, गाळाची जमीन पाण्याखाली गेली. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्यात गेले. उन्हाळ्यात साठा खालावला की ते उघडे पडते आणि वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे येतात. ज्या घरांची जोती त्याच्या आसपास उघडी पडतात त्यांच्याकडे छायाचित्रकारांचे लक्ष फारसे जात नाही.

मतदारांच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर नदीकाठची गावे वरच्या माळावर नव्या गावठाणात आली, काही कुटुंबांना दूरच्या गावी जमिनी मिळाल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका पंचायतीत मत देणारी भावकी निरनिराळ्या याद्यांत विभागली गेली. ज्या गावात पुनर्वसित कुटुंब गेले तेथे ते संख्येने थोडे आणि हक्काने नवे. मतदार यादीत नाव येण्यास अडचण नसली तरी गावच्या राजकारणात 'धरणग्रस्त' ही ओळख बराच काळ चिकटून राहिली. दुसरे असे की, ज्यांची काही जमीन काठावर शिल्लक राहिली त्यांनी जलाशयातून उपसा करून ऊस लावला. कोरडवाहू पट्ट्यातील कुळ एकदम बागायतदार झाले. त्याच पाण्यावर भोई व इतर मच्छीमार कुटुंबांचा धंदा वाढला आणि भिगवणचा मासळी बाजार दूरवर नावाजला गेला. कुंभारगाव परिसरात रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्या पर्यटकांनी होडीवाल्यांना आणखी एक उत्पन्न दिले. डाळजच्या पट्ट्यात आज एकाच जलाशयाकडे पाहणारे तीन प्रकारचे मतदार आहेत. ज्याची जमीन गेली तो, ज्याने मोटार बसविली तो, आणि ज्याचे जाळे पाण्यात आहे तो. जातवार कोष्टकात या तिघांना रकाना नाही.

जलाशयाने इंदापूर आणि करमाळा यांच्यातील जुने दळणवळणही तोडले. नदी ओलांडून होणारे सोयरसंबंध, बाजार आणि शाळा यांना तेव्हापासून होडीचा आधार राहिला. बारामती लोकसभेचे मतदान ७ मे २०२४ रोजी झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २१ मे रोजी, कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटून सहा जण बुडाले. शिरसोडी ते कुगाव या पुलाची मागणी त्यापूर्वीही होत होतीच. करमाळा एका जिल्ह्यात, एका लोकसभा मतदारसंघात, इंदापूर दुसऱ्या. दोन्ही काठांचा प्रश्न एक असूनही त्यासाठी दाद मागावयाचे प्रतिनिधी वेगवेगळे, हे या सीमारेषेचे फळ होय.

पाण्याच्या आणि जिल्ह्याच्या सीमा एकमेकींना कशा छेदतात याचे आणखी ठळक उदाहरण २०२१ मधील आहे. उजनीतून इंदापूरसाठी पाच अब्ज घनफूट पाणी देण्याचा निर्णय त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झाला. त्या वेळी इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे हेच सोलापूरचे पालकमंत्री होते. सोलापूर जिल्ह्यात तीव्र आंदोलन झाले आणि मे महिन्यात तो आदेश रद्द करावा लागला. एका जिल्ह्याचा पालक आणि दुसऱ्या जिल्ह्यातील मतदारांचा प्रतिनिधी या दोन भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्यावर काय होते, याचा तो वस्तुपाठच होता.

प्रतिनिधी : शंकरराव पाटील ते दत्तात्रय भरणे

प्रौढ मताधिकाराच्या पहिल्या पर्वात इंदापूरचे नेतृत्व शंकरराव बाजीराव पाटील यांच्याकडे होते. ते दीर्घकाळ आमदार होते, राज्यात मंत्री झाले आणि १९८० व १९८९ मध्ये बारामती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. बारामती हा आज एकाच घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा मतदारसंघ असला, तरी त्याचा पूर्वेतिहास बराच वेगळा आहे. १९५७ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीतून आलेले केशवराव जेधे येथून निवडून आले. १९६७ मध्ये तुळशीदास जाधव, १९७१ मध्ये र. के. खाडिलकर, १९७७ मध्ये जनता लाटेत संभाजीराव काकडे हे विजयी झाले. १९८४ मध्ये शरद पवार प्रथम लोकसभेवर गेले. विधानसभेसाठी त्यांनी ती जागा सोडल्यावर १९८५ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा काकडे निवडून आले. म्हणजे १९७७ ते १९८९ या बारा वर्षांत येथील मतदाराने सत्ताधारी आणि विरोधक या दोघांनाही आळीपाळीने दिल्लीस पाठविले. १९९१ नंतरच हा मतदारसंघ स्थिर झाला. २००८ च्या पुनर्रचनेनंतर दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर यांच्या जोडीला पुणे शहरालगतचा खडकवासला त्यात आला आणि कालव्याच्या मतदाराबरोबर नळाचा मतदारही त्याच यादीत बसला.

इंदापूर विधानसभेत शंकररावांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. १९९९ व २००४ च्या निवडणुकाही त्यांनी अपक्ष म्हणूनच जिंकल्या आणि शिवसेना–भाजप युती व काँग्रेस–राष्ट्रवादी आघाडी या दोन्ही राजवटींत ते मंत्री राहिले. २००९ मध्ये ते काँग्रेसचे उमेदवार होते. त्या वेळी अपक्ष उभ्या राहिलेल्या दत्तात्रय भरणे यांचा त्यांनी पराभव केला. पुढे पुणे जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद भूषविलेल्या भरणे यांनी २०१४ मध्ये, काँग्रेस व राष्ट्रवादी स्वतंत्र लढत असताना, सुमारे चौदा हजार मतांनी विजय मिळविला. २०१९ मध्ये पाटील भाजपचे उमेदवार झाले, तेव्हा अंतर सुमारे तीन हजारांवर आले. २०२४ मध्ये पाटील शरद पवार यांच्या पक्षाकडून आणि भरणे अजित पवार यांच्या पक्षाकडून लढले, आणि भरणे यांचे मताधिक्य एकोणीस हजारांहून अधिक झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ते कॅबिनेट मंत्री झाले आणि २०२५ मध्ये त्यांच्याकडे कृषी खाते आले.

धनगर समाजातील प्रतिनिधीने मराठा समाजातील प्रस्थापित घराण्याचा पराभव करणे, ही घटना लहान नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या लाउंड्स या ग्रामीण परगण्यात १९६५ च्या आरंभी कृष्णवर्णीयांची लोकसंख्या बहुसंख्य असूनही त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदार म्हणून नोंदलेले नव्हते. त्या वर्षी मताधिकार कायदा झाला आणि १९७० मध्ये जॉन ह्यूलेट हे तेथील पहिले कृष्णवर्णीय शेरीफ निवडून आले. मत ते पद हे अंतर तेथे पाच वर्षांत कापले गेले. इंदापूरच्या धनगराला मत १९५२ मध्येच मिळाले, कोणी त्याची वाट अडविली नव्हती, तरीही विधानसभेपर्यंत पोहोचण्यास बासष्ट वर्षे लागली. दोन समाजांची तुलना फार ताणू नये, हे मान्य. तथापि एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. लाउंड्समध्ये मतदानाची बंदी उघड होती, म्हणून ती उठताच संघटना उभी राहिली. इंदापुरात बंदी नव्हती. उमेदवारीची वाट मात्र कारखाना, जिल्हा बँक व जिल्हा परिषद यांतून जाणारी होती आणि ती एकेक पायरी चढावी लागली. भरणे हे आधी जिल्ह्याच्या संस्थांत स्थिरावले आणि मग आमदार झाले, हा क्रम सूचक आहे.

मग तालुक्याचे राजकारण 'मराठा विरुद्ध धनगर' असे आहे काय? २०१४ चे वर्षच याचे दुहेरी उत्तर देते. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत महादेव जानकर यांनी सुप्रिया सुळे यांचे मताधिक्य सत्तर हजारांच्या आत आणले. जुलैमध्ये अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी धनगर समाजाचे मोठे आंदोलन बारामतीतच झाले. जातीची जाणीव तीव्र होती, यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी इंदापुरात धनगर समाजातील विजयी आमदार हा जानकरांच्या महायुतीचा नव्हता, तर ज्या पक्षाविरुद्ध ते आंदोलन तापले होते त्या पक्षाचा होता. २०२४ चा अनुभव याहूनही बोलका आहे. लोकसभेच्या वेळी आमदार भरणे आणि माजी आमदार हर्षवर्धन पाटील हे दोघेही महायुतीच्या, म्हणजे सुनेत्रा पवार यांच्या बाजूस होते. तालुक्यातील मराठा व धनगर नेतृत्व एकत्र आल्यावर, कोष्टकाच्या हिशेबाने, दुसऱ्या बाजूस फारसे काही उरावयास नको होते. प्रत्यक्षात इंदापुरातून मोठे मताधिक्य सुप्रिया सुळे यांना मिळाले. सहा महिन्यांनी विधानसभेला याच मतदारांनी भरणे यांना निवडून दिले. पुढारी ज्याला आपला मतदार म्हणतो तो प्रत्येक निवडणुकीत प्रश्न कोणता आहे हे पाहून मत देतो, एवढे तरी यावरून म्हणता येते.

स्थानिक संस्था आणि आरक्षण

आमदारकीच्या झोतात गावपातळीवरील बदल झाकला जातो. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा यांनी निवडून द्यावयाच्या पदांची संख्या एकदम वाढविली, पण पहिल्या तीन दशकांत ती पदे मुख्यतः पाटीलकीच्या परिघातच राहिली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनुसार महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलला. त्यानंतर अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी २७ टक्के आणि महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर गेला. भटक्या जमातींत गणला जाणारा धनगर समाज पंचायतीत मागास प्रवर्गातून येतो, माळीही त्यातूनच येतात. म्हणून गावपातळीवर स्पर्धा मराठा–धनगर अशी न राहता पुष्कळदा धनगर–माळी किंवा एकाच समाजातील दोन वाड्यांची होते. बौद्ध व मातंग कुटुंबांना सरपंचपद फिरत्या आरक्षणाने मिळते, आणि चिठ्ठी दुसऱ्या प्रवर्गाची निघाली की जाते. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. इतक्या वेळा नियम बदलल्यावर कोणत्या समाजास पदाचा किती अनुभव मिळाला, याचा हिशेब मांडणेही कठीण होते.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागास प्रवर्गाच्या जागांसाठी अनुभवाधिष्ठित माहितीची अट घातली. शासनाकडे ती नव्हती. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. १९३१ नंतर न झालेल्या मोजणीची किंमत अशा रीतीने तालुक्यातील मतदाराने चुकविली. ज्या सभागृहातून भरणे यांच्यासारखा कार्यकर्ता पुढे आला होता त्याचीच दारे त्या काळात बंद राहिली. आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. त्या नोंदीतून तालुक्यातील मराठा किती आणि धनगर किती हे कळेल. बीडकडून हंगामापुरता येणारा ऊसतोड कामगार इंदापुरात राबतो पण मत त्याच्या गावी देतो. मेंढरे घेऊन वर्षातील काही महिने बाहेर असणारे कुटुंब मतदानाच्या दिवशी कोठे असते, हे जनगणनेच्या कोष्टकातून कळणार नाही.

त्यासाठी निराळ्या साधनांकडे वळावे लागेल. १९५२ ची मतदार यादी, जलाशय भरण्यापूर्वीची व नंतरची यादी आणि कारखान्यांच्या सभासद याद्या गाववार शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. डाळज, पळसदेव, कळाशी, कुंभारगाव या चार-पाच गावांपुरते जरी ते हाती घेतले, तरी जुन्या गावठाणातील किती घरे नव्या यादीत त्याच गावात सापडतात आणि किती अन्यत्र शोधावी लागतात, हे सांगता येईल. जुने गावठाण ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि तेथून मतदान केले त्यांपैकी सर्वांत तरुण माणूसही आज सत्तरीच्या आसपास आहे. यादीतील नावे त्यांना वाचून दाखविली, तर कोणते घर कोठे गेले हे ते सांगू शकतील.